सब ठीक म्हणू नकोस

पत्र:

"सिस्टरमावशी, मी रत्नागिरी जिल्ह्यातली, वय ३४. माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये नर्सिंग असिस्टंट आहे, करारावर. शिमग्यानंतर माझ्याबरोबरची मुलगी नोकरी सोडून गेली. तिची जागा अजून रिकामी आहे. बीपी, इंजेक्शन, ड्रेसिंग सगळं मीच बघते, वर रेफरलच्या कागदांनाही मीच मदत करते. लावणीच्या दिवसांत आमच्याच वाडीतले एक काका पायाच्या अंगठ्याला जखम घेऊन आले. साखरेचे जुने पेशंट. बाहेर चाळीस माणसं, त्यातली दोन-तीन ओरडत होती. मी जखम नीट धुतली नाही, पाहिली नाही. पाच मिनिटांत पट्टी बांधली आणि रजिस्टरला लिहिलं, 'ड्रेसिंग केले, जखम ठीक.' दहा दिवसांनी आले तेव्हा अंगठा काळा पडला होता. शेवटी काढावा लागला. काका मला काहीच बोलले नाहीत. उलट गणपतीत काकूंनी मोदक पाठवले. ते माझ्या घशाखाली उतरले नाहीत. तोंड उघडलं तर पुढच्या वर्षी करार होणार नाही. माझे बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, फौजेत तक्रार करत नाहीत, कळ काढतात. गप्प बसू, बोलू, की सोडून देऊ?"

उत्तर:

बाय माझी, तुझ्या पत्रातले दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. 'जखम ठीक.' अंगठ्याचं नंतर बोलू, आधी या दोन शब्दांचं.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये नवी होते तेव्हाची गोष्ट. उत्तरेकडचं एक लष्करी रुग्णालय, थंडीची रात्रपाळी. शेजारच्या वॉर्डातली सिस्टर आजारी पडली म्हणून दोन्ही वॉर्ड माझ्याकडे. पहाटे चार वाजता ताप, नाडी, श्वास मोजून तक्त्यावर मांडायचे असतात. मी पलीकडच्या वॉर्डात सलाईनशी झटत होते. परत आले तेव्हा पाच वाजून गेले होते. तक्त्यावरचे चारचे चौकोन रिकामे. मी पेन उघडलं आणि सगळ्यांचे आकडे लिहून टाकले. रात्री बाराचे होते त्याच्या आसपासचे, कुणाला शंका येणार नाही असे. त्यातला एक पोरगेला जवान मलेरियाचा. त्याच्या चौकोनात मी ९९ लिहिलं. सहा वाजता तो खाटेसकट हलायला लागला. ताप १०४.

तो बरा झाला, हे आधीच सांगते, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. मेट्रनबाई केरळच्या होत्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. तक्त्यावर बोट ठेवून एवढंच विचारलं, "चारला तू कुठे होतीस?" मी म्हटलं, पलीकडच्या वॉर्डात. "मग तसं लिही." माझे खोटे आकडे त्यांनी खोडू दिले नाहीत. खाली नवी ओळ लिहायला लावली, तारीख, वेळ, सही घालून: चारचा ताप घेतलेला नाही, दोन वॉर्ड, सिस्टर एक. लिहिताना माझे कान तापले होते. पण पुढच्या महिन्यापासून रात्री दोन सिस्टर आल्या. ही माझ्या चांगुलपणाची कमाई नव्हे. मी भरलेले आकडे वर गेले असते तर वरच्यांना दिसलं असतं की एका सिस्टरमध्ये दोन वॉर्ड झकास चालतात. मग दुसरी सिस्टर त्यांनी कशाला दिली असती?

तुझं 'जखम ठीक' हे माझं ९९ आहे. तू वाईट नर्स आहेस असं मी म्हणत नाही. पण त्या दोन शब्दांनी दोघांचं नुकसान केलं. काकांची जखम पाहिली गेल्यासारखी दिसली, आणि तुझ्या शेजारची रिकामी खुर्ची भरल्यासारखी दिसली.

आता तुझ्या बाबांचं म्हणणं. हवालदारसाहेबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, आठवतंय का, पहाऱ्यावरचा संत्री 'सब ठीक है' म्हणतो ते कधी म्हणतो? सगळं ठीक असतं तेव्हा. तार तुटलेली असताना जो सब ठीक म्हणतो त्याला फौज शाबासकी देत नाही, मार्चअप करते, म्हणजे आरोपी म्हणून साहेबांपुढे उभा करते. आर्मी ॲक्ट १९५० मध्ये कलम ५७ आहे ते खोट्या नोंदी आणि खोट्या अहवालांसाठीच. आणि त्याच कायद्यात कलम २६ आहे: अधिकारी नसलेल्या सैनिकाला वरिष्ठाकडून अन्याय झाला असं वाटलं तर त्याने तक्रार कुठे आणि कशी करायची, ते लिहिलेलं. म्हणजे तक्रार ही फौजेने नाकारलेली गोष्ट नाही, कायद्यात जागा करून दिलेली आहे. सैनिक संमेलनात कमांडिंग ऑफिसर 'किसी का कोई पॉइंट?' म्हणून विचारतात, तेव्हा कुणी हात वर करत नाही, हे मात्र खरं. ती आपली सवय आहे. नियम तसा नाही.

सब ठीकची सवय केवढं घर बुडवते याचा एक दाखला देते. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचं मोठं जाळं आहे. तिथे वरून फर्मान निघालं की नव्या रुग्णाला १४ दिवसांत डॉक्टर भेटला पाहिजे, आणि साहेबांची बढती-बक्षिसं या आकड्याला बांधली. डॉक्टर तर पुरेसे नव्हते. मग २०१४ साली ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या रुग्णालयात काय उघडकीला आलं? रुग्णांची नावं अधिकृत यादीत घालायचीच नाहीत, म्हणजे थांबल्याचे दिवस मोजलेच जाणार नाहीत. तपासणीत किमान १,७०० माजी सैनिक यादीबाहेर लटकलेले सापडले. २२६ जणांचे कागद नमुन्यादाखल पाहिले. रुग्णालयाने कळवलेली सरासरी २४ दिवस, प्रत्यक्षात ११५. त्या खात्याचे मंत्री होते एरिक शिन्सेकी, स्वतः जनरल. व्हिएतनामच्या लढाईत सुरुंगाने त्यांच्या एका पायाचा पुढचा भाग गेलेला. म्हणजे जखमी सैनिकाचं दुखणं ज्याला शिकवावं लागत नाही असा माणूस वर बसलेला होता. पण त्याच्या टेबलावर कागद जायचे ते सब ठीकचे. ३० मे २०१४ ला त्यांना राजीनामा द्यावा लागला. आणि हे बाहेर आणलं कुणी? आतल्याच माणसांनी, डॉक्टरांनी आणि कारकुनांनी.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे, मान्य. इथे मुळात काहीच नव्हतं. मी दापोलीला राहते, जुनी माणसं याला अजून कॅम्प म्हणतात. इंग्रजांच्या काळापासून पेन्शनर शिपायांचं हे गाव. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, निवृत्तीनंतर काही वर्षं इथेच होते. घराघरात फौजी, आणि औषधासाठी मात्र रातराणीने मुंबई गाठायची, कुलाब्याच्या अश्विनीत, नौदलाच्या रुग्णालयात, नंबर लावायचा, नाहीतर पुण्याला जायचं. १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना, सुरू झाली. देशभरात आधी २२७ पॉलिक्लिनिकं मंजूर झाली, २०१० मध्ये तो आकडा ४२६ वर गेला, तेव्हा कुठे आपल्या बाजूच्या म्हाताऱ्यांच्या पायाचे हाल कमी झाले. म्हणून तुझ्या क्लिनिकबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पण दवाखाना उभा केला की तो माणसांनी चालवावा लागतो, आणि तिथली जवळजवळ सगळी माणसं वर्षा-वर्षाच्या करारावर आहेत. डॉक्टर, फार्मासिस्ट, तू. ज्याच्याकडे तू तक्रार घेऊन जाणार तो ऑफिसर-इन-चार्जसुद्धा करारावरचाच निवृत्त अधिकारी. त्यालाही मार्च महिना जवळ आला की धडधड होत असणार. हे ध्यानात ठेवलंस तर त्याच्याशी नीट बोलता येईल.

आता अंगठा. तुला दोषमुक्तीचं पत्र हवं असेल तर ते मी देणार नाही, आणि फासावरही चढवणार नाही. साखरेने पायाचे मज्जातंतू मरतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात, ते दहा-पंधरा वर्षांत होतं, पाच मिनिटांत नाही. काका लावणीला अनवाणी चिखलात उतरले असणार. जांभ्याच्या कडेने कापलं असेल, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील. बिडी ओढत असतील तर आणखीच. पायाला दुखलंच नाही म्हणून ते तसेच चालत राहिले. तुझ्या बाबांचा मंत्र इथे उलटतो बघ. ज्या पायाला कळच येत नाही, त्याने कळ काढायची कशी? आणि मधले दहा दिवस? घरी कुणी पट्टी सोडून पाहिली नाही, परत कधी यायचं ते कुणी सांगितलं नाही. यातलं 'परत कधी यायचं' एवढं तरी तुझं काम होतं.

तुझा वाटा आहे तो असा: त्या दिवशी पट्टी काढून, सलाईनने धुऊन, खोली बघून, पायावरची नाडी चाचपून पाहिली असतीस तर कदाचित तिथल्या तिथे वरच्या रुग्णालयाचा रेफरल निघाला असता. कदाचित. तो कदाचित तुला आयुष्यभर सोबत करील. मला माझा ९९ अजून सोबत करतो.

काकांकडे जा. मोदकांचा डबा परत द्यायचा आहेच ना, रिकामा देऊ नकोस. त्यांच्याशी एकट्याने बोल, आणि फिरवून बोलू नकोस. "त्या दिवशी घाईत तुमची जखम मी पाहायला हवी तशी पाहिली नाही, ते मी आता कागदावर लिहून दिलंय." पायावर डोकं ठेवून रडायचं नाही, त्यांना तुझी समजूत काढायला लागेल आणि आजारी माणसावर ते ओझं नको. ते रागावतील, किंवा चहा ठेवा म्हणतील, किंवा दोन्ही. काहीही झालं तरी दुसरा पाय बघून ये. ज्याचं एक बोट गेलं त्याच्या दुसऱ्या पायालाही धोका असतो. टाच, बोटांच्या बेचक्या, तळवा. डोळे मिटायला सांगून दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने टोचून बघ, कळतंय का. काकूंना शिकव: रोज रात्री पाय कोमट पाण्याने धुवायचे, पाणी आधी स्वतःच्या कोपराने बघायचं, बेचक्या कोरड्या करायच्या. लाली, सूज, वास, काळेपणा, ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. आणि अनवाणी चालणं बंद, अंगणातसुद्धा. देवळात? देवाच्या पायरीपर्यंत चप्पल. गुरवाशी मी भांडेन.

पण कागद आधी. काकांना सांगण्याआधी मेडिकल ऑफिसरना सांग. जुन्या नोंदीत खाडाखोड करू नकोस, पान फाडू नकोस, 'ठीक'च्या जागी दुसरा शब्द घुसवू नकोस. आजच्या तारखेने नवी नोंद कर. माझ्या मेट्रनबाईंनी करायला लावली तशी.

मग ऑफिसर-इन-चार्जना एक पत्र, एका पानाचं. त्यात 'अन्याय', 'पिळवणूक' असले शब्द नकोत. ते खरे असतील, पण आकडे बोलतात तसं ते बोलत नाहीत. चार आठवडे रोज लिहून काढ: नर्सिंगच्या मंजूर जागा इतक्या, हजर इतक्या. आज इतके पेशंट, इतकी ड्रेसिंगं. त्यातली इतकी नीट करता आली नाहीत. साखरेच्या इतक्या पेशंटांचे पाय बघायचे राहिले. जे झालं नाही त्याचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी लिहीत नाही. पेशंटचं नाव कुठेही घालू नकोस. शेवटी मागणी एकच ठेव, रिकामी जागा भरा, आणि तोवर आठवड्यातला एक ठरावीक दिवस जखमांच्या पेशंटांसाठी राखून द्या. पोच घे, प्रत घरी ठेव. व्हॉट्सॲपवर यातलं काही टाकू नकोस. दुपारपर्यंत ते अख्ख्या तालुक्यात फिरलेलं असेल, आणि विषय रिकाम्या खुर्चीचा न राहता तुझा होईल.

एवढं करूनही करार जाऊ शकतो. नाही जाणार असं खोटं मी सांगणार नाही, आत्ताच तर सब ठीकवर एवढं बोलले. म्हणून खरं ओझं उचलायचं ते तुझ्या बाबांनी. तुझा करार वर्षाचा, त्यांचं पेन्शन मरेपर्यंतचं. त्यांना कुणी 'पुढच्या वर्षी येऊ नका' म्हणू शकत नाही. ते या योजनेचे सभासद आहेत. स्वतः औषधं घेतात त्या क्लिनिकमध्ये नर्सिंगच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती आणि रिकामी कधीपासून, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरवर विचारता येतं. अर्ज मराठीत चालतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. ते उत्तर आणि चार माजी सैनिकांच्या सह्या घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, एक प्रत लष्कराच्या स्टेशन हेडक्वार्टरला, एक ईसीएचएसच्या रीजनल सेंटरला. तुझं नाव कुठेच येत नाही. हवालदारसाहेब कळ काढायला तयार असतील तर ती एसटीच्या प्रवासात काढू देत. त्यांच्या नावाने मी अर्जाचा मसुदासुद्धा लिहून देईन. पण सही त्यांची हवी.

ओरडणाऱ्यांबद्दल थोडं, कारण ते सगळे हे सदर वाचतात आणि मला रस्त्यात धरणार आहेत. सुभेदारसाहेब, नाईकसाहेब, तुमचं चुकतं. तुमचं औषध संपलं तर ते या मुलीने खाल्लेलं नाही. ते लष्कराच्या औषध भांडारातून येतं, कमी पडलं तर ठरलेल्या केमिस्टकडून आणतात, आणि या दोन्हींवर तिचा काडीचा ताबा नाही. पण बाय, त्यांच्याकडूनही बघ. पहाटेची एसटी, मध्ये एक गाडी बदलून तीन तासांचा रस्ता, आणि खिडकीवर 'एनए, पुढच्या सोमवारी या'. एनए म्हणजे औषध शिल्लक नाही. मलाही राग आला असता. फार्मासिस्टला विनंती कर, जी औषधं संपली आहेत त्यांची नावं सकाळी आठला फळ्यावर लिहा, आणि वाडीवाडीच्या एकेका फौजीला फोनवर कळवा, निम्मी माणसं घरीच थांबतील. दुसरं, त्यांना नंबराने हाक मारू नकोस. "सतरा नंबर" म्हटलं की सतरा वर्षं रायफल सांभाळलेला माणूस कुरकुरत येतो. "हवालदारसाहेब, या" म्हणून बघ, काठी टेकत का होईना, ताठ येईल. हे मी तीस वर्षं वापरलं, फुकट आहे.

सोडू का, हे तू शेवटी विचारलंस, म्हणून शेवटी घेते. आत्ता नको. रागात नाही आणि अपराधाच्या भरात तर नाहीच. तू गेलीस तर दोन खुर्च्या रिकाम्या, आणि त्या पत्रातले आकडे लिहायला कुणी उरणार नाही. मार्चपर्यंत थांब. दरम्यान जिल्हा परिषद आणि जिल्हा रुग्णालयाच्या भरतीच्या जाहिरातींवर नजर ठेव, अर्ज टाक, त्यात बेइमानी काही नाही. पत्र देऊन तीन महिन्यांत काहीच हललं नाही, किंवा साहेबांनी 'ठीक लिहा, विषय संपवा' असं सुचवलं, तर मात्र तिथे एक दिवसही राहू नकोस. त्या दिवशी मला फोन कर, आधी जेव आणि मग कर.

काकांकडे जाशील तेव्हा डब्यात नारळाच्या वड्या घालू नकोस, त्यांना साखर आहे. सुती मोज्यांचे दोन जोड ने, घोट्याला न आवळणारे. पांढरेच ने. काकू म्हणतील लगेच मळतात. मळू देत. पांढऱ्यावर रक्ताचा किंवा पुवाचा एवढासा डाग पडला तरी संध्याकाळी मोजे काढताना दिसतो.